चौथी झाली, आता हायस्कूल: पाचवीत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी

थोरला पाचवीला हायस्कूलात गेला, त्या पहिल्याच बुधवारी मी त्याचं दप्तर ताणकाट्याला अडकवून पाहिलं. सात किलो. पोरगा स्वतः सव्वीस किलोचा. आत सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या, वर चौथीची चित्रकलेची वहीसुद्धा. "अरे, वेळापत्रक बघून भर ना," मी म्हटलं. त्यानं मलाच विचारलं, "वेळापत्रक कुठं असतं?"

त्याचं तरी काय चुकलं? वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्षं त्याला वेळापत्रक लागलंच नव्हतं. दोन शिक्षक, तेवीस मुलं. गुरुजी म्हणाले गणित काढा, की गणित. पाऊस जास्त झाला की गोष्ट. कोण उपाशी आलंय, कोणाची आई माहेरी गेलीय, कोणाला काल ताप होता, सगळं गुरुजींच्या डोक्यात असायचं. हायस्कूलात वर्गात अठ्ठावन्न पोरं आणि दिवसाला सहा वेगवेगळे शिक्षक. तिथं दिवाळीपर्यंत तुमचं मूल कोणाच्याच डोक्यात नसतं. माणसं वाईट असतात असं नाही, पण एवढ्या पोरांची नावं पाठ व्हायलाच वेळ लागतो.

थोरल्याच्या वेळी मी अभ्यासाच्या मागे लागले, शिकवणी लावली आणि चार महिने घालवले. पाचवीत अभ्यास फार अवघड होत नाही, दिवस अवघड होतो, हे मला उशिरा कळलं. धाकटीच्या वेळी शहाणी झाले होते. दोघांच्या वेळचं जमवून हे लिहिते आहे.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे आहेत. आपल्याकडे मात्र बऱ्याच गावच्या शाळा चौथीला संपतात आणि हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं. तुमच्या गावची शाळा पाचवीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असेल, तर हेच सगळं तुम्हाला सहावीला किंवा आठवीला लागू होईल.

## १. मार्चमध्ये शाळा बघून या, आणि नवोदयचा विचार आधी करा

शाळा बघायला मुलाला घेऊनच जा, आणि शाळा भरलेली असताना जा. सुट्टीत इमारत सगळ्यांचीच छान दिसते. तीन गोष्टी बघा: मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर किती गर्दी असते, मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे का आणि आत पाणी आहे का, आणि पाचवीचा वर्ग कोणत्या मजल्यावर, कोणत्या वेळेत भरतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. पाचवीला ते लागू नाही. काही हायस्कुलांत पाचवी-सहावीचे वर्ग सकाळी सातच्या सुमाराला भरतात. म्हणजे लांबच्या वाडीवरच्या पोराला पाचला उठावं लागतं. हे जूनमध्ये नव्हे, मार्चमध्ये कळलेलं बरं.

आता नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, प्रवेश सहावीला मिळतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्या जागांवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत शिकलेलं असावं लागतं. यातला एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला, तरी मूल शहरी धरलं जातं. तालुक्याच्या कितीतरी गावांना आता नगरपंचायत झाली आहे. आपल्या तोंडात "तालुक्याचं गाव" असतं आणि कागदावर ते शहर असतं. मुलाला नवोदयला बसवायचं मनात असेल, तर पाचवीपुरतं ते गावातच किंवा ग्रामीण हायस्कूलातच राहू द्या. आमच्या शेजारच्या मुलाची तयारी चांगली होती, पण त्याच्या घरच्यांना हे फॉर्म भरताना कळलं.

## २. दाखला हातात पडल्या पडल्या वाचा

निकाल लागला की शाळा सोडल्याचा दाखला मागा. तो पिशवीत न टाकता तिथंच, गुरुजींच्या समोर उभं राहून वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मगाव, जात. चूक असेल तर मूळ शाळेतल्या रजिस्टरवरून दुरुस्ती तिथंच होते. एकदा नव्या शाळेच्या रजिस्टरला चुकीचं नाव चढलं, की ते वर्षानुवर्षं पुढे सरकत जातं आणि दहावीच्या फॉर्मला अडतं. थोरल्याच्या दाखल्यावर माझ्या नावातला अनुस्वार गेला होता. मी म्हटलं, जाऊ दे, टिंबच तर आहे. त्या टिंबापायी पुढे दोन हेलपाटे आणि एक प्रतिज्ञापत्र झालं.

सोबत न्यायचे कागद:

- शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आणि देण्याआधी काढलेल्या त्याच्या चार झेरॉक्स (मूळ प्रत परत मिळत नाही)
- चौथीचं प्रगतिपत्रक
- मुलाचं आधार कार्ड, आणि आईवडिलांपैकी एकाचं
- जातीचा दाखला असेल तर तो. नसेल तर वडिलांचा किंवा आजोबांचा दाखला
- चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला (शिष्यवृत्त्यांना लागतो, मे-जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते, एप्रिलमध्येच काढा)
- मुलाच्या नावाचं बँक पासबुक, आधारशी जोडलेलं
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- एका चिठ्ठीवर रक्तगट, दोन मोबाइल नंबर, आणि काही आजार किंवा ॲलर्जी असेल तर ती

आधारचं थोडं जास्त सांगते. मूल अगदी लहान असताना काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे आणि फोटो देऊन ते अद्ययावत करावं लागतं, आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा एकदा. पहिली फेरी राहून गेलेली पोरं पाचवीत ढिगानं सापडतात. दुसरं म्हणजे आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. हल्ली मुलांचा 'अपार' क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर एकच असलेला ओळख क्रमांक काढतात, तो नाव जुळलं नाही की अडून बसतो.

कागदांखेरीज ऑनलाइनची एक बाजू असते आणि ती आपल्याला दिसत नाही. जुन्या शाळेने मुलाला यू-डायस पोर्टलवरून, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांची नोंद असते त्या सरकारी संकेतस्थळावरून सोडायचं असतं आणि नव्या शाळेने घ्यायचं असतं. त्यासाठी मुलाचा 'पेन' क्रमांक लागतो, म्हणजे कायमस्वरूपी शैक्षणिक क्रमांक. चौथीच्या गुरुजींकडून तो लिहून घ्या. पंधरा जुलैच्या आसपास नव्या शाळेच्या क्लार्कना विचारा: "आमच्या मुलाचं नाव तुमच्याकडे ऑनलाइन दिसतंय का?" दिसत नसेल, तर दोन्ही शाळांचे फोन नंबर एकमेकांना देऊन तिथून हला. नाव दिसेपर्यंत अधूनमधून विचारत राहा.

हक्काच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तसंच प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा मुलाखत घ्यायला आणि देणगी मागायला २००९ च्या कायद्यात मनाई आहे. आम्हाला एका ठिकाणी "इमारत निधी" सांगितला होता. मी शांतपणे म्हटलं, "पावती कोणत्या नावानं मिळेल?" विषय तिथंच संपला. भांडू नका, पावती मागा.

## ३. सेमी की मराठी

पुष्कळ हायस्कुलांत पाचवीपासून सेमीची तुकडी असते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी सेमीत गेली म्हणून आपलं घालू नका आणि घाबरून मागेही ओढू नका. मुलाला मराठीतलं गणित पक्कं येत असेल तर सेमी जमतं. नसेल तर गणित आणि भाषा दोन्हींत एकदमच गळती लागते.

धाकटी सेमीत गेली. पहिल्या महिन्यात तिला अपूर्णांकाचं गणित येत होतं, पण प्रश्न वाचताच यायचा नाही. मग आम्ही शंभर पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे अंश, उजवीकडे न्यूमरेटर. छेद, डिनॉमिनेटर. विभाजक, फॅक्टर. विभाज्य, मल्टिपल. परिमिती, पेरिमीटर. उजवा रकाना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, दिवसाला चार शब्द. दसऱ्यापर्यंत वही निम्मी भरली आणि तिची अडचण संपली. यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही.

सेमीची तुकडी कधी कधी विनाअनुदानित असते. मग फी पडते, आणि खिचडी व पुस्तकं मिळतीलच असं नाही. प्रवेश घेतानाच विचारा.

## ४. मे महिन्यात दोनच गोष्टी तपासा

पाचवीची पुस्तकं आणून सुट्टीत घोकून घेऊ नका. एक तर सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात. मी थोरल्याच्या वेळी मे महिन्यात दुकानातून पूर्ण संच आणला आणि जूनमध्ये शाळेनं दुसरा हातात ठेवला. बघायचीच असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं मोफत आहेत.

तपासायचं ते हे: मूल दुसरीच्या पातळीचा उतारा न अडखळता वाचतं का, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागतं का. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत हीच साधी कसोटी लावतात. दोन्ही येत असेल तर मुलाला आंबे खाऊ द्या. एखादं येत नसेल तर सुट्टीभर रोज वीस मिनिटं तेवढंच घ्या. भागाकार चुकतो तो बहुतेक वेळा पाढ्यांमुळे, नाहीतर शून्यामुळे. ६१२ भागिले ६ करायला सांगा. उत्तर १२ आलं तर शून्य कुठं हरवतंय ते लगेच दिसेल.

हिंदी हा विषय मराठी शाळांत पाचवीला नव्यानं येतो. त्याची चिंता करू नका. टीव्हीनं तो अर्धा शिकवलेलाच असतो.

## ५. एसटीची रंगीत तालीम

शाळा चालत जाण्यासारखी असेल तर हा भाग सोडून द्या. आमची अकरा किलोमीटरवर आहे.

पाससाठी शाळेचं बोनाफाईड आणि फोटो लागतो. मुलींना बारावीपर्यंत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून मोफत पास आहे. मुलांना तिकिटात ६६.६६ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. २०२४ पासून महामंडळ शाळेतच पास देऊ लागलं आहे. आपल्या शाळेत तशी सोय आहे का ते विचारा, नाहीतर आगारातली एक सकाळ जाते. पास संपायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहा. ती मुलाच्या लक्षात राहत नाही, आणि कंडक्टर ती पहिल्यांदा बघतो.

शाळा सुरू व्हायच्या आधी मुलासोबत तीनदा प्रवास करा. पहिल्या वेळी तुम्ही पुढे, मूल मागे. दुसऱ्या वेळी गाडी त्यानं ओळखायची, तिकीट त्यानं मागायचं, उतरायचं कुठं ते त्यानं सांगायचं आणि तुम्ही गप्प बसायचं. तिसऱ्या वेळी तुम्ही दोन बाकं मागे बसा. थोरल्याला मी फक्त "स्टँडवर उतर" एवढं सांगून पाठवलं होतं. तो उतरला, पण परतीच्या गाडीला कोणत्या फलाटावर उभं राहायचं ते त्याला माहीत नव्हतं. आमच्या वाडीचं नाव पाटीवर नसतंच, पुढच्या मोठ्या गावाचं असतं. पोरगं पाटी वाचत बसलं आणि गाडी समोरून निघून गेली. संध्याकाळी साडेसातला दूधवाल्याच्या गाडीतून घरी आला.

म्हणून मुलाला हे पाठ हवं: परतीच्या गाडीच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं, ती चुकली तर पुढची किती वाजता, आणि ती पण चुकली तर कोणाकडे जाऊन थांबायचं. आम्ही स्टँडसमोरचं स्टेशनरीचं दुकान ठरवलं होतं. दुकानदारकाकांना आधी जाऊन भेटलो, पोरगं दाखवलं, फोन नंबर दिला. कंपासपेटीत हाफ तिकिटाचे पैसे घडी करून ठेवा. पास घरी राहिला तर बारा वर्षांपर्यंत हाफ तिकीट चालतं, फुल काढायची गरज नाही.

शाळेला जायला सायकल मिळणार आहे, असं ऐकून थांबू नका. मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली ठरावीक तालुक्यांत आणि आठवीपासूनच्या मुलींना आहेत.

## ६. दप्तर, वेळापत्रक, डबा

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा शासनाचा नियम २०१५ पासून आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. नियम पाळणं शाळेपेक्षा आपल्याच हातात जास्त आहे.

पहिल्या आठवड्यात वर्गात वेळापत्रक फळ्यावर लिहितात. ते उतरवून आणायला मुलाला आधीच सांगून ठेवा. ते दोनदा लिहा: एक घरी दप्तर ठेवतो त्या भिंतीवर, एक कंपासपेटीच्या झाकणाला आतून. दप्तर रात्री, जेवणाआधी, मुलानंच भरायचं. तुम्ही भरू नका. पहिले पंधरा दिवस तुम्ही फक्त विचारायचं, "उद्या तिसरा तास कशाचा?" पहिल्या आठवड्यात चुका होतील, भूगोलाच्या तासाला इतिहासाची वही निघेल, शिक्षक ओरडतील. ओरडू द्या. तुम्ही भरलेलं दप्तर दहावीपर्यंत तुम्हालाच भरावं लागेल.

धाकटीसाठी मी एक छोटी डायरी केली, हाताच्या पंजाएवढी. गृहपाठ, "उद्या आणायचे" आणि सरांनी सांगितलेले निरोप तिघांना एकच जागा. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक असतो, त्यामुळे किती अभ्यास दिला हे त्याला ठाऊक असतं. इथं चार शिक्षक एकाच दिवशी गृहपाठ देतात आणि कोणालाही दुसऱ्याचा पत्ता नसतो. तो घरी सांगणारं फक्त मूलच असतं, आणि ते हमखास विसरतं.

डब्याचं माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. थोरल्याचा डबा रोज अर्धा परत यायचा. मला वाटलं, भाजी आवडत नाही. भाज्या बदलल्या. शेवटी त्यानं सांगितलं, की डब्याचं झाकण त्याला उघडतच नव्हतं. फिरकीचं घट्ट झाकण होतं, मीच हौसेनं आणलेलं. आधीच्या शाळेत बाई उघडून द्यायच्या. इथं मागायची लाज वाटली. म्हणून तो मित्राच्या डब्यातलं खायचा, किंवा दोन्ही हातांनी झगडून अर्धं सांडायचा. नवा डबा, नवी बाटली, नवी कंपासपेटी, नव्या बुटांची लेस: सगळं मुलाकडून घरी दहा वेळा उघडून-बांधून घ्या.

अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५० ग्रॅम. खिचडी मिळते म्हणून डबा बंद करू नका, निदान पहिला महिना. रांगेत मोठी पोरं पुढे घुसतात. गणवेशाचं बजेटही धरून ठेवा: जिल्हा परिषदेच्या शाळेत तो मिळायचा, खासगी संस्थेच्या हायस्कूलात बहुतेक विकतच घ्यावा लागतो. एकच जोड घ्या, थोडा सैल. दुसरा दिवाळीनंतर घ्या, तोवर पोर दीड इंच वाढलेलं असतं.

## ७. "काही नाही" या उत्तराचं काय करायचं

"आज शाळेत काय झालं?" "काही नाही." हे प्रत्येक घरात होणार आहे. प्रश्न बदला. "आज कोणाशेजारी बसलास?" "कोणत्या सरांचा तास आवडला नाही?" "पाणी कुठं प्यायलास?" असल्या प्रश्नांना उत्तर येतं. आमच्याकडे खरी बातमी भाकऱ्या करताना बाहेर यायची. माझी पाठ असायची धाकटीकडे, हात पिठात, आणि ती पाटावर बसून बोलत सुटायची. समोर बसवून विचारलं की तोंडाला कुलूप.

गावच्या शाळेत पहिला नंबर असणारं मूल इथं चौदावं-पंधरावं येऊ शकतं, कारण सात-आठ गावांचे पहिले नंबर त्याच वर्गात बसलेले असतात. हे त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर घटक चाचणीचा पेपर बाकाखाली चुरगळून ठेवला जातो.

बोलण्यावरून चिडवतात, हेही होतं. वाडीवरची पोरं "व्हय" म्हणतात, बाजारपेठेतली "हो" म्हणतात, आणि वर्ग हसतो. धाकटी दोन दिवस वर्गात बोललीच नाही. तिच्या आजीनं तिला सांगितलं, "घरात व्हय, शाळंत हो, दोन्ही येतंय त्यो शाना." तेवढ्यानं तिचं भागलं.

## ८. हे जूनच्या आधी बोलून घ्या

मोठ्या शाळेत दहावीची पोरं एकाच मैदानावर असतात. पैसे मागणं, टोपणनावं ठेवणं, दप्तर लपवणं चालतं. मुलाला तीन माणसं नावानिशी माहीत हवीत: वर्गशिक्षक, एखाद्या बाई ज्यांच्याशी बोलता येईल, आणि शिपाई मामा. शिपाई मामांना कमी लेखू नका, शाळेत काय चाललंय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

अंगाला नको तिथं हात लावणं, एकट्याला बोलावणं, "घरी सांगू नको" म्हणणं, या तीन गोष्टी कोणीही केल्या, अगदी शिक्षकांनी, गाडीवाल्यानं किंवा नातेवाइकानं, तरी त्याच दिवशी घरी सांगायचं. हे मुलग्यांनाही सांगा, त्यांना कोणी सांगत नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, तो मुलांना पाठ करून द्या.

मुलींच्या आयांनो, पाळीबद्दल "अजून लहान आहे" म्हणून थांबू नका. दहाव्या-अकराव्या वर्षीही येऊ शकते. धाकटीच्या दप्तरात मी पाचवीच्या जूनपासून कापडी पाऊच ठेवला: दोन पॅड, एक जास्तीची निकर, जुन्या वर्तमानपत्राचा कागद. पॅड कसं लावायचं ते घरी करून दाखवलं. पाऊच दीड वर्ष तसाच पडून होता. सहावीच्या नोव्हेंबरमध्ये चौथ्या तासाला लागला, आणि ती मधल्या सुट्टीत सगळं आवरून पुढचे तास बसून घरी आली. शेजारच्या बाकावरच्या मुलीलाही त्यातलंच एक पॅड मागच्याच महिन्यात दिलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणून दोन ठेवा.

## ९. परीक्षा

वर्गातल्या परीक्षेबद्दल जुनं ऐकलेलं विसरा. "आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही" हे आता खरं नाही. २०२३-२४ पासून राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. तीत मागे पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण गैरहजेरी आणि वह्या याकडे वर्षभर लक्ष हवं.

शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती कोणत्या इयत्तेला, यावरून सध्या गोंधळ आहे. पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१७ पासून पाचवी-आठवीला झाली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचा निर्णय झाला. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या अनुभवावर जाऊ नका, त्या वर्षीची सूचना मुख्याध्यापकांकडून वाचून घ्या. पेपर दोन असतात, प्रत्येकी १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला दीड तासात ७५ प्रश्न. ज्यांना विषय येतो त्यांचंही इथं घड्याळ चुकतं. म्हणून सराव घड्याळ लावूनच करा.

नवोदयच्या पेपरात ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. निम्मे प्रश्न आकृत्यांचे, म्हणजे मानसिक क्षमता चाचणीचे असतात. फॉर्मला पैसे पडत नाहीत आणि परीक्षा एकदाच देता येते. कोणी "फॉर्मची फी" सांगितली, तर ती त्याची स्वतःची आहे.

त्या वर्षी ज्या परीक्षा असतील त्यांना बसवा, पण पाचवीचं वर्ष त्यांच्या नावानं लिहून देऊ नका. रोज सहा तास क्लास करणारं दहा वर्षांचं पोर मी पाहिलंय. दुपारी वर्गात झोपायचं.

## १०. शाळेशी बोलायचं कसं

पहिल्या महिन्यात वर्गशिक्षकांना एकदा भेटा, पाच मिनिटं, तक्रार नसताना. मुलाचं नाव, गाव, काही दुखणं असेल तर ते, आणि तुमचा नंबर एवढंच सांगा. पुढे तक्रार घेऊन गेलात तर तुमची ओळख असते. तक्रार असेल तेव्हा तासाच्या मध्ये वर्गाच्या दारात उभं राहू नका, मधल्या सुट्टीत स्टाफरूमकडे जा. सर्वांदेखत मुलाची बाजू घेऊन भांडलात तर वर्षभर त्रास मुलालाच होतो. मोठं प्रकरण असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पालकसभेला वडिलांनाच पाठवायची पद्धत सोडा. ते मागच्या रांगेत बसतात आणि घरी येऊन "चांगलं चाललंय" म्हणतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा जाण्यायेण्याचंही कारण राहिलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली की दप्तर पूर्ण उलटं करून झटका. कप्पे, शिवण, तळाचा पुठ्ठा सगळं. थोरल्याच्या दप्तरातून एक वाळलेली चिंच निघाली, गोट्या निघाल्या, कोणाचा तरी बेल्ट निघाला, आणि पुठ्ठ्याखाली पालकसभेच्या तीन चिठ्ठ्या. तिन्ही सभा होऊन गेल्या होत्या.